लेकीला सायकल घेताना



कपाशीची खुरपणी आटोपली, सोयाबीन शेंगांवर आले, आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली, की घरोघर दुसऱ्या कामांची आठवण होते. मुलांचे कॉलेजातले प्रवेश हे त्यांतलेच एक काम. गेल्या पंधरवड्यात जी पत्रे आली, त्यांत बहुतेक मावा-तुडतुड्यांविषयीची होती. एक पत्र मात्र वेगळे होते. ते वाचून मी बराच वेळ हातातच धरून बसलो.

पत्र एका ताईंचे. घरची चार एकर कोरडवाहू जमीन, दोन म्हशी. थोरली मुलगी बारावी झाली, सीईटीत चांगले गुण मिळाले आणि कृषी पदवीसाठी सरकारी कॉलेजात जागा मिळाली. घरात आनंद झाला. मग आई-वडील जागा पाहून आले आणि वडिलांचा चेहरा उतरला. मुलींच्या वसतिगृहापासून वर्ग दीड किलोमीटर, आणि प्रात्यक्षिकाचे प्रक्षेत्र त्याच्या पुढे आणखी एक किलोमीटर. ते म्हणाले, "एवढी पायपीट पोरीला रोज झेपायची नाही. स्कूटर घ्यावी तर कर्ज काढावे लागेल. त्यापेक्षा घरून येऊन-जाऊन तालुक्याच्या कॉलेजात शिकेल." धाकट्या भावाने मोबाइलवर चार चाकांची लांब फळी दाखवली आणि म्हणाला, "अमेरिकेत पोरं यावर कॉलेजात फिरतात, तायडीला हीच घ्या." ताई विचारतात, "साहेब, साध्या सायकलवर भागेल का? आणि भागत असेल तर कोणती घ्यावी?"

ताईंना मी लगेच टपालाने कळविले आहे की, आधी प्रवेश पक्का करा. अडीच किलोमीटरच्या रस्त्यापायी मिळालेली जागा सोडू नका. सायकलीचे सविस्तर मात्र येथे लिहितो, कारण हा प्रश्न एका घरचा नाही. आपल्याकडची कृषी विद्यापीठे, मग ते राहुरीचे असो, अकोल्याचे, परभणीचे की दापोलीचे, शेकडो हेक्टरांवर पसरलेली आहेत. शेती शिकवायची तर शेत हवेच. तेथे शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हे अंतर रोज तोडावे लागते.

प्रथम हिशेब करू. सकाळी वसतिगृहातून प्रक्षेत्रावर जाऊन परत यायचे, म्हणजे पाच किलोमीटर झाले. नंतर वर्गात जाऊन परत, म्हणजे तीन. दिवसाचे आठ किलोमीटर. भरभर चालणारा माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो, म्हणजे शहाण्णव मिनिटे लागतील. सायकल सावकाश, तासाला बारा किलोमीटरने चालविली तरी चाळीस मिनिटांत काम होते. रोजचा जवळजवळ एक तास वाचला. परीक्षेच्या दिवसांत हा तास किती मोलाचा असतो, ते ज्याने अभ्यास केला आहे त्याला विचारा.

आता स्कूटर. ती आज लाखाच्या घरात जाते. वर पेट्रोल, विमा, हप्ता. शिवाय बारावी होऊन गेलेली पुष्कळ मुले सतराच वर्षांची असतात, आणि अशा स्कूटरचा परवाना अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आठ किलोमीटरांसाठी एवढे ओझे डोक्यावर कशाला घ्यावे?

"मुलगी सायकलवर? लोक काय म्हणतील?" असे अजूनही काही घरांत म्हणतात. त्यांना दोन गोष्टी सांगतो. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. तेथे १९९१ साली साक्षरता मोहीम सुरू झाली आणि अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवली गेली. मजुरी करणाऱ्या, खाणीत काम करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या हजारो बायका सायकलवर बसल्या. दुसरी गोष्ट बिहारची. तेथील सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढलेली दिसली, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत ही वाढ अधिक होती. शाळा तीच, मास्तर तेच. फक्त वाटेवरची अडचण दूर झाली.

सायकल गरिबाची म्हणून कमीपणा वाटून घेण्याचेही कारण नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात डेव्हिस नावाचे गाव आहे. तेथील विद्यापीठ मुळात शेतीचे, विद्यापीठाची शेती म्हणून सुरू झालेले. त्या गावात १९६७ साली रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली. तशी पट्टी त्या देशात पहिलीच. मोटारींचा देश तो, पण तेथील विद्यार्थी आजही झुंडीने सायकलीवरून वर्गाला जातात.

आता धाकट्या भावाच्या फळीविषयी, नाहीतर तो रुसेल. तिला लाँगबोर्ड म्हणतात. वस्तू वाईट नाही. पण तिची चाके जेमतेम सात सेंटिमीटरांची असतात. गुळगुळीत सिमेंटच्या रस्त्यावर ती सुरेख पळतात. मुरमाच्या रस्त्यावर बोराएवढा खडा चाकाखाली आला, की फळी जागीच थांबते आणि वरचा माणूस पुढे जातो. आपल्या बैलगाडीचे चाक पुरुषभर उंचीच्या आसपास का असते? चाक मोठे असले की चाकोरी आणि खड्डा सहज ओलांडते. ज्या जागी चालायचे, त्या जागेवरून साधन ठरते. भारी जमिनीत आणि माळावर एकच औत चालवीत नाही, तसेच हे.

हे तत्त्व मी गेली पंचवीस-तीस वर्षे गावोगाव सांगत आलो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पाहून ट्रॅक्टर घेऊ नका, आपली जमीन पाहून घ्या, असे सभेत बजावत आलो. आणि स्वतःच्या घरी नेमकी तीच चूक केली. ती तुम्हांला सांगितली पाहिजे.

माझी मुलगी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात शिकायला गेली. तिचेही वसतिगृह वर्गापासून लांब होते. एका मीटिंगहून परतताना मी शहरातल्या दुकानात शिरलो. मुलगी बरोबर नव्हती. दुकानदाराने एक सायकल पुढे काढली. एकवीस गिअर, पुढे शॉकॲब्सॉर्बर, जाड टायर, भडक रंग. मी मनात म्हटले, लेक खूश होईल. माप विचारले नाही, ते सुचलेही नाही. पैसे मोजले आणि एका ओळखीच्या टेम्पोतून सायकल वसतिगृहावर पाठवून दिली.

फोनवर विचारले की ती म्हणे, "छान आहे, बाबा." वर्ष गेले. एकदा कामानिमित्त त्या बाजूला गेलो, तेव्हा तिला भेटायला वसतिगृहावर गेलो. लिंबाखाली सायकली लावल्या होत्या. त्यांत शेवटी आमची सायकल. दोन्ही टायर बसलेले, साखळी तांबडी झालेली, हँडलला कोळ्याचे जाळे. तिच्या मैत्रिणीने सांगितले तेव्हा कळले. पहिल्याच महिन्यात पावसात मुलगी पडली होती. सायकल एवढी उंच की थांबताना पाय जमिनीला पोचत नव्हता. कोपर सोलले, दोन दिवस हात सुजला. त्यानंतर ती वर्षभर चालत गेली. सकाळचा पहिला तास तिचा कितीदा तरी बुडाला होता.

मी विचारले, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही एवढे पैसे घातलेत, कसं सांगू?"

बंधू-भगिनींनो, बैलबाजारात आपण जनावराचे दात मोजतो, खूर पाहतो, दहा पावले चालवून चाल पाहतो. लेकीसाठी घेतलेल्या वस्तूला मी तेवढेही केले नाही. ती सायकल अर्ध्या किमतीत गेली. शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी शिक्षण संपवून घरी निघाली होती, तिची जुनी लेडीज सायकल आम्ही घेतली. मुलगी स्वतः त्यावर बसली, चक्कर मारून आली आणि म्हणाली, "ही बरोबर आहे." पुढची तीन वर्षे त्याच सायकलवर गेली.

म्हणून पहिला नियम असा, की जिला सायकल चालवायची आहे तिला दुकानात घेऊन जा. बाकीचे नियम त्याच्या मागून येतात.

आता मापाचे पाहू. दुकानात चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस असे आकडे सांगतात. ते बहुधा चाकाच्या व्यासाचे असतात, इंचांत. अंगाला माप बसते ते सांगाड्याचे. म्हणून आकड्यावर जाऊ नका, तीन गोष्टी करून पाहा. एक, सायकलीच्या मधल्या दांडीवर दोन्हीकडे पाय टाकून उभे राहावे. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि दांडीच्या वर इंच-दोन इंच जागा सुटली पाहिजे. दोन, सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ व्हावा, म्हणजे चवडा ठेवून चालविताना गुडघ्यात थोडा वाक राहतो. नवशिक्या मुलीने मात्र सीट आणखी खाली ठेवावी, थांबताना दोन्ही चवडे टेकले पाहिजेत. सराव झाला की वर घ्यावी. तीन, हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे आणि बोटे ताण न देता ब्रेकपर्यंत पोचावीत.

मुलींसाठी खाली वाकलेल्या दांडीची सायकल सोयीची. पंजाबी ड्रेस असो की साडी, चढता-उतरताना अडचण होत नाही. मागच्या चाकाला जाळी आणि साखळीवर पुरे झाकण असेल असे पाहा. ओढणी चाकात किंवा साखळीत अडकून झालेले अपघात मी पाहिले आहेत. ही जाळी शोभेची नाही. ओढणी मात्र तरीही खोचून बांधावी.

गिअर हवे की नको? रस्ता सपाट असेल तर नकोत. बिनगिअरच्या साध्या सायकलीला पुढच्या चक्राला चव्वेचाळीस आणि मागच्या फ्रीव्हीलला अठरा दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सव्वीस इंची चाकाचा घेर दोन मीटरांहून थोडा जास्त. म्हणजे एका फेऱ्यात सायकल पाच मीटर पुढे गेली. सपाटीवर एवढे पुरेसे आहे. दापोलीसारखा चढउताराचा मुलूख असेल तर गिअर उपयोगी पडतात. पण गिअरचे नाजूक भाग चिखलात लवकर बिघडतात आणि दुरुस्तीला जाणता मिस्त्री लागतो. स्वस्त सायकलीवरचा शॉकॲब्सॉर्बर वजन वाढवितो आणि पायाचा जोर खातो. तो टाळलेला बरा.

टायर फार बारीक नको, फार जाड नको. पावणेदोन ते दोन इंच रुंदीचा टायर डांबरी रस्त्यावरही चालतो आणि मुरमावरही. काळ्या जमिनीच्या भागातल्यांनी एक गोष्ट खास पाहावी. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अंगठा सहज फिरेल एवढी जागा हवी. नसेल तर पावसाळ्यात प्रक्षेत्राच्या वाटेवरचा चिखल तेथे गच्च बसतो, चाक फिरत नाही, आणि सायकल खांद्यावर घेऊन यावे लागते. आणि म्हणूनच दुकानात एकदा सायकल उचलूनही पाहावी. वसतिगृहाच्या दोन पायऱ्या तिला चढविता आल्या पाहिजेत.

ब्रेक तर दोन्ही तपासावेत. सायकल हाताने ढकलत न्यावी आणि एकेक ब्रेक दाबावा. चाक तेथल्या तेथे अडले पाहिजे. मग चाक उचलून फिरवावे. रिम एका बाजूला लचकत असेल, मिस्त्रीच्या भाषेत चाक आऊट असेल, तर ते आधी सरळ करून मागावे. लोखंडी चकचकीत रिम ओली झाली की ब्रेक कमी धरतो, हे मुलीला सांगून ठेवा. पावसात वेग कमी आणि ब्रेक लवकर.

जुनी सायकल घेण्यात कमीपणा मानू नका. शेवटच्या वर्षाची मुले घरी जाताना सायकली विकतात, त्या वेळी चौकशी करावी. रंगाकडे पाहू नये. सांगाड्याचे सांधे पाहावेत, तडा किंवा नव्याने रंगविलेली डागडुजी असेल तर घेऊ नये. चाक पकडून आडवे हलवावे, पायडलचा दांडा हलवावा. खडखड असेल तर आतले छर्रे झिजलेले असतात. ते बदलता येतात, पण तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी. विकणाऱ्याकडून लेखी पावती मात्र घ्यावी.

घेतल्यावरची देखभाल म्हणजे आठवड्याला अर्धा तास. कापडाने साखळी पुसावी, तेलाचे मोजके थेंब सोडावेत आणि जास्तीचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. तेल फार झाले की धूळ धरते. साखळी बोटाने वर-खाली केली तर अर्ध्या इंचाइतकीच हलावी. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेले असते. बाभळीचा काटा कोणाला चुकला आहे? म्हणून पंक्चरचे सामान, छोटा पंप आणि एक पाना पिशवीत असावा. पंक्चर काढायला मुलीला घरीच शिकवा. दोन वेळा हाताखाली करून घेतले की येते. ज्या मुली म्हशीची धार काढतात, त्यांना ट्यूबला ठिगळ लावणे कठीण नाही.

कुलूप साखळीचे घ्यावे आणि चाकासह सांगाडा एखाद्या पक्क्या खांबाला बांधावा. नुसते मागच्या चाकाचे कुलूप असले तर चोर सायकल उचलूनच नेतो. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक वहीत लिहून ठेवावा. संध्याकाळी प्रक्षेत्रावरून परतताना अंधार होतो, म्हणून पुढे दिवा आणि मागे लाल चकाकती काच हवीच. जुन्या डायनामोची जागा आता छोट्या एलईडी दिव्यांनी घेतली आहे. ते स्वस्तही आहेत. डोक्याला हेल्मेट असावे. पडण्याचे वेळापत्रक नसते.

आता ताई, थोडे तुमच्याशी. साधी, मजबूत सायकल काही हजारांत येते. स्कूटरचे पैसे शिल्लक राहतील, ते मेस आणि पुस्तकांना उपयोगी पडतील. मुलीच्या वडिलांना माझा निरोप सांगा. त्यांची काळजी खोटी नाही, पायपीट खरोखरच आहे. पण त्यावरचा उपाय दुकानात मिळतो, चुकलेला प्रवेश दुकानात मिळत नाही. त्यांनी स्वतः मुलीला घेऊन जावे. बैल पारखणारा माणूस सायकल चांगली पारखील. मात्र शेवटचा शब्द मुलीचा असू द्या. ती चक्कर मारून आली की लगेच किमतीचे बोलू नका. आधी तिला विचारा, "पाय पोचतो का?" आणि पैसे गेले तरी चालतील, पण काही दुखले-खुपले तर सांगायचे, एवढे तिला निघण्यापूर्वी सांगून ठेवा. माझ्याकडून ते राहून गेले होते.

सायकल घेतली की दोन ओळी जरूर लिहा. कोणती घेतली यापेक्षा ती चालते आहे का, ते कळवा.

पुढच्या वेळी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी बोलू. तोपर्यंत रामराम.